पाय उबदार आहेत

४ नोव्हेंबर

बर्फ टिकला. काल पडलेला आज वितळला नाही, म्हणजे आता मार्चपर्यंत राहणार.

तेंतेकला, माझ्या शिकारी गरुडाच्या मादीला, सकाळी मूठभर मांस दिलं, तेही पाण्यात धुऊन पांढरंफटक केलेलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचा बाप मारलाय. इलाज नाही. पोटभर जेवलेला गरुड आणि पोटभर जेवलेला जावई, दोघंही जागचे हलत नाहीत.

ही वही खरं तर तिची आहे. काय खाल्लं, भूक कितपत, पिसं कशी, तळवे कसे. गरुडाचं सगळं पायांत असतं. तळव्याला साधं कुरूप झालं आणि ते चिघळलं की मग पंख कितीही मोठे असोत, शिकार संपली. म्हणून रोज संध्याकाळी कंदील जवळ घेऊन तिचे तळवे बघतो, मेंढीची चरबी चोळतो. दहा हिवाळे चोळतोय. दहा झाले की पक्षी डोंगराला परत द्यायचा, हा आमचा रिवाज. हा तिचा माझ्याकडचा शेवटचा हिवाळा आहे आणि त्यातला एकही दिवस मला चुलीपाशी घालवायचा नाही.

गेल्या साली पायांनी घात केला. तळव्यांची नुसती आग आग, अंथरुणात पडलं की सुया टोचल्यासारखं. जानेवारीतच घरी बसलो. थंडीची तक्रार करणाऱ्याला आमच्याकडे पुरुष म्हणत नाहीत, म्हणून कुणाला सांगितलं नाही. वहीला सांगायला हरकत नाही.

यंदा तयारी पक्की आहे. बायकोने, काम्काने, नमद्याचे म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे गुडघाभर मोजे केलेत, मेंढीच्या शरदातल्या लोकरीत उंटाची लोकर मिसळून. तळव्याला दुहेरी नमदा, दाट टाक्यांनी शिवलेला. बूट मोच्याकडून मुद्दाम दोन बोटं ढगळ करून घेतले. घट्ट बुटात पाय गोठतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

९ नोव्हेंबर

पहिला दिवस, पहिला कोल्हा! आणि त्याहून मोठी बातमी म्हणजे पाय. सकाळपासून दुपारपर्यंत सुळक्यावर उभा होतो. माझा सोबती शाइमुरात खालच्या घळीतून आरडाओरडा करत कोल्हा उठवत येणार, आणि मी वर पक्षी घेऊन दगडासारखा उभा राहणार. घोड्यावरून हुंदडणाऱ्याला ऊब असते, पाय गोठतात ते उभ्या माणसाचे. पण मला थंडी म्हणून वाजली नाही. आग नाही, सुया नाहीत. बूट घातलेत हेसुद्धा विसरायला झालं.

दुपारून जागा बदलल्या. शाइमुरात वर उभा राहिला आणि थोड्याच वेळात लग्नातल्यासारखा नाचायला लागला.

"काय रे, नवरी कुठली?" मी खालून ओरडलो.

"मर तू! बोटं गळून पडली माझी!"

"गळली तर वेचून आण. तुझी बायको सूप करेल."

शाइमुरात माझ्याच वयाचा. आमच्यात बरोबरीच्यांनी एकमेकांना काहीही बोलावं, राग मानणारा मूर्ख ठरतो.

कोल्हा घरी पोचला नाही. वाटेत पलीकडच्या वस्तीतला म्हातारा भेटला आणि म्हणाला, "सिराल्गी!" शिकारीवरून परतणाऱ्याला वाटेत भेटून हा शब्द उच्चारला की जे मागितलं ते द्यावंच लागतं. हसत दिला. काम्का मात्र रागावली.

"जगाला टोप्या होतात तुमच्या कोल्ह्यांच्या. मला कधी?"

"तू घरात बसतेस. वाटेत भेट, सिराल्गी म्हण, काय हवं ते माग."

मी दोन वेळा जेवलो. तिच्या मोज्यांची इतकी स्तुती केली की ती लाजली. या वयात!

१७ नोव्हेंबर

तेंतेकचे तळवे स्वच्छ. भूक चांगली.

शाइमुरातने काम्काकडून हुबेहूब माझ्यासारखे मोजे करून घेतले. तीच लोकर, तेच टाके. आज घालून आला आणि तरी कुडकुडला. मोज्यांत दोष नाही, त्याचे पाय म्हातारे झालेत असं मी त्याला सांगितलं. शेवटी बर्फावर बसून त्याने बूट उपसले, माझा कोट वर केला आणि दोन्ही तंगड्या माझ्या उघड्या पोटावर ठेवल्या. शिकारीत याला नाही म्हणता येत नाही, सोबत्याचं पोट हीच चूल. मी डुकरासारखा किंचाळलो. तेंतेक डोळ्यांवरच्या चामडी टोपीआडून फडफडली.

"आता तुझे आण," तो नंतर म्हणाला.

"माझे कशाला? माझे उबदार आहेत."

"बघू तरी."

"बायकोने शिवलेले मोजे परक्या पुरुषाला दाखवत नसतो," मी म्हणालो. तो हसला, पण जरा वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिला. हेवा, दुसरं काय!

२५ नोव्हेंबर

काम्कावर ओरडलो. ओरडायलाच हवं होतं. संध्याकाळी मोजा काढला तर तळव्याच्या नमद्यात सुईचं अर्धं टोक उभं. शिवताना मोडलेलं, तसंच राहिलेलं, इतक्या दिवसांनी वर आलं. मोज्याला रक्त लागून वाळलं होतं, अंगठ्याखाली तळव्याला भोक पडलं होतं. दिवसभर मी त्यावर चालत होतो.

"सुई मोडली तर टोक शोधायचं, हे तुझ्या आईने शिकवलं नाही का?"

एरवी एकाला चार उत्तरं देणारी बाई. आज नुसती सुईचं टोक तळहातावर घेऊन बघत बसली. मग म्हणाली, "दिवसभर चाललात यावर?"

"मग काय उडत होतो?"

"दुखलं नाही?"

"शिकारीच्या नादात माणसाला दुखतं का?"

तिने जखम धुतली. मला नंतर वाईट वाटलं, इतकं बोलायला नको होतं.

३ डिसेंबर

घरातली साखर संपली म्हणते. जॅमची बरणीही संपली. मागच्या महिन्यात तर आणली होती! चहात दूध-मीठ ठीक आहे, पण तोंडात खडीसाखर नसेल तर चहा घशाखाली उतरतो का? तरी उतरवतो, कारण तहान भयंकर लागते. शेवटी किटलीच जवळ घेऊन बसतो. कोरड्या थंडीने लागत असेल. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की झोप मोडते.

चांगली गोष्ट म्हणजे पट्टा आणखी एका भोकाने आवळला. लग्नात होतो तितका सडपातळ झालोय. घोड्यालाही बरं वाटत असेल.

काम्का रोज टेकडीवर जाते, फोनची रेंज तिथेच मिळते. मेरुएर्तशी बोलते, आमच्या मुलीशी. ती उलानबातरच्या इस्पितळात नर्स आहे. एवढं काय बोलतात विचारलं तर म्हणाली, "बायकांचं." म्हणजे मुलीचं लग्न जमतंय. मी मुद्दामच जास्त विचारलं नाही.

११ डिसेंबर

आज नवलच. बूट काढायला वाकलो तर काम्का पुढे आली, गुडघ्यावर बसली आणि माझे बूट स्वतः ओढून काढले. नवी नवरी असताना करायची. तेव्हा माझी आई बघत असे म्हणून करायची, आता आई नाही, कुणी नाही. मोजे उतरवले, पाय मांडीवर घेतले, बोटं एकेक करून पाहिली. मी डोळे मिटून घेतले.

"काय ग, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय?"

डोळे उघडले तर तिच्या गालावर पाणी होतं. मीही विरघळलो. गेल्या काही वर्षांत आम्ही दोघं नुसते मेंढ्यांबद्दल बोलायचो. मनातलं वहीत लिहितो, मला तिची माया आहे.

१४ डिसेंबर

माया आहे, पण कंजूषपणा वाढलाय. साखर बंद केलीच आहे. आज तिच्या एप्रनच्या खिशात कुर्ताचा गोळा दिसला. आमच्याकडे ताक आटवून हे गोळे दगडासारखे वाळवतात, हिवाळाभर चघळायला. मी उचलून तोंडात टाकला तर ही किंचाळली, गालात बोट घालून बाहेर काढला!

"तो खायचा नाही!"

"कुर्त खायचा नाही तर काय पुजायचा?"

चवही विचित्र होती, जुन्या चामड्यासारखी. साठवणीत काहीतरी बिघडलंय. सांगितलं तर तोंडावर एप्रन धरून बाहेर गेली. हसत होती की रडत होती ते कळलं नाही.

२३ डिसेंबर

कोल्हा समोरच्या उतारावरून गेला आणि मला दिसलाच नाही. शाइमुरात बोंबलत होता, "डावीकडे! आंधळा आहेस का!" मला सगळं धुरकट दिसत होतं. बर्फाची तिरीप असते. तेंतेकची टोपी काढली तेव्हा फार उशीर झाला होता.

घरी आलो तर काम्काने विषय काढला. ओल्गी शहरात जाऊ, डॉक्टरांना दाखवू. सुईची जखम अजून भरली नाही म्हणते.

"मार्चनंतर."

"मार्चपर्यंत थांबणार नाही ती."

"कोण?"

"जखम! मेरुएर्त म्हणते..."

"मेरुएर्तला म्हणावं, बापाला शिकार शिकवू नकोस. एकदा डॉक्टरांच्या हाती पडलं की ते झोपवतात आणि हिवाळा संपतो. हा तेंतेकचा शेवटचा आहे. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "तिचे तळवे रोज बघता तुम्ही."

यात रागवण्यासारखं काय आहे? बघतोच.

२ जानेवारी

आज जरा गंमत झाली. नदी ओलांडताना घोड्याचा पाय बर्फात रुतला, तो बाजूला कलला आणि माझा उजवा पाय नडगीपर्यंत पाण्यात गेला. शाइमुरात हबकलाच.

"उतर! बूट काढ! मी आग पेटवतो!"

"अरे, मोज्याचा नमदा आत पाणी येऊ देत नाही."

"आलं असेल तर?"

"आलं असतं तर कळलं नसतं का? पाय उबदार आहे."

"बाझारखान, तुझा पाय माझ्या पोटावर ठेव. माझी शपथ."

नावाने हाक मारली. आमच्यात चेष्टा संपली की नाव येतं. मला रागच आला. वरच्या कड्याकडे कोल्ह्याचे ताजे माग होते. म्हटलं, तुला भीती वाटत असेल तर घरी जा, माझ्या बायकोबरोबर साखर मोजत बस. तो आला मागून.

कोल्हा मिळाला. तेंतेकने काय झेप घेतली! कड्यावरून सरळ खाली, पंख मिटून. मी ओरडत होतो. त्या क्षणासाठी माणूस जगतो.

घरी बूट निघेना. आत सगळं गोठून एकजीव झालं होतं. काम्काने सुरीने बूट कापला. नवा बूट! पाय मेणबत्तीसारखा पांढरा दिसत होता. तिने कोमट पाण्यात धरला. मी तिला झेपेचं वर्णन सांगत होतो आणि ती ऐकतच नव्हती.

५ जानेवारी

तेंतेकचे तळवे स्वच्छ.

माझ्या उजव्या अंगठ्याचं टोक काळपट झालंय. मोच्याने शिवलेल्या बुटाचा रंग लागला असणार. घासून पाहिला, निघाला नाही. थोडा वासही येतो. दुखत मात्र काही नाही, हे महत्त्वाचं. दुखलं असतं तर मी स्वतःच गेलो असतो.

काल जरा वेळ मनात आलं की काहीच कसं दुखत नाही? मग म्हटलं, न दुखण्याची काळजी करणारा मी पहिलाच माणूस असेन.

काम्का दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. आज टेकडीवरून आली ती थेट शाइमुरातच्या घरी गेली.

६ जानेवारी

उद्या लांबच्या खोऱ्यात. शाइमुरात आधी नको म्हणत होता, मग अचानक हो म्हणाला. कापलेला बूट काम्काने शिवून दिला, न मागता. समेट झाला वाटतं.

९ जानेवारी, ओल्गीचं इस्पितळ

खाटेवर पडून लिहितो.

परवा कोल्हा खोगिराला बांधून परतत होतो. शाइमुरातने दिवसभर एकही थट्टा केली नव्हती. नदीच्या अलीकडे एक घोडेस्वार वाटेत आडवा उभा होता. जवळ गेलो तर काम्का. डोक्याला शाल गुंडाळलेली, भुवयांवर हिम. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"सिराल्गी!" ती म्हणाली.

मला हसूच फुटलं. शेवटी आली म्हातारी टोपीसाठी! कोल्ह्याची दोरी सोडायला लागलो.

"कोल्हा नको. बूट द्या."

"काय?"

"पायातले. दोन्ही. इथे."

"बूट म्हणजे काय शिकार आहे?"

"वाटेत भेट, काय हवं ते माग, असं कोण म्हणालं होतं?"

मी शाइमुरातकडे पाहिलं. तो आधीच घोड्यावरून उतरला होता. "दे," तो म्हणाला. "सिराल्गीला नाही म्हणणाऱ्याबरोबर मी शिकारीला जात नाही."

तेव्हा कळलं की दोघांनी ठरवून केलंय. संतापलो. पण रिवाज मोडून कुठे जाणार? बर्फावर बसलो, पाय पुढे केले. तिने आधी डावा बूट काढला, मोजा उलटा केला आणि झटकला. त्यातून कुर्ताचा गोळा बर्फावर पडला.

"सकाळी घातला होता," काम्का म्हणाली. "टाचेपाशी. मागच्या महिन्यातही एकदा घातला होता. संध्याकाळी मीच काढला. तुम्हाला पत्ता नव्हता."

मी त्या गोळ्याकडे बघत राहिलो. दगडासारखा, सुपारीएवढा. म्हणजे तो मी तोंडातही घातला होता!

मग उजवा. वास आला तसं शाइमुरातने तोंड फिरवलं. क्षणभरच. मग तो खाली बसला, कोट वर केला, माझा तो काळा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या उघड्या पोटावर दाबला. त्याचा श्वास अडकला, डोळ्यांत पाणी आलं.

मला काहीच कळलं नाही. पाय त्याच्या पोटावर आहे हे दिसत होतं. त्याचं पोट गरम असणार, जिवंत माणसाचं असतंच. ते धापा टाकत होतं, आत-बाहेर होत होतं. आणि माझ्या पायाला ना ऊब, ना स्पर्श. लाकडाचा ओंडका ठेवल्यासारखा.

तेव्हा मला भीती वाटली. लांडग्याची वाटली नाही, हिमवादळाची वाटली नाही, इतकी.

"उबदार आहे?" काम्काने विचारलं.

तिने मला लहान मुलासारखं शालीत गुंडाळलं.

१२ जानेवारी

उजव्या पायाची पाचही बोटं गेली, थोडा पुढचा भागही. टाच राहिली. आणखी आठवडा उशीर झाला असता तर गुडघ्यापासून कापावा लागला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रक्तात साखर आहे. कित्येक वर्षं असेल. तहान, पट्टा, डोळे, सगळं तिचंच. गेल्या साली जी आग होती तो पाय ओरडत होता, यंदा त्याचा आवाज गेला, आणि मी मोज्यांची स्तुती करत बसलो. मेरुएर्तने सुईची गोष्ट ऐकताच फोनवर ओळखलं होतं. म्हणजे साखर घरात होती, फक्त माझ्यापासून लपवली होती. जगात अशी चोरी कुणी पाहिली आहे का!

काम्का खाटेशी बसून रडली. "सुई माझीच होती," म्हणाली.

"सुई होती म्हणून तुला कळलं," मी म्हणालो. "नाहीतर माझ्या शौर्याच्या गोष्टी ऐकत बसली असतीस."

हे तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण खरंही आहे. तेंतेक शाइमुरातकडे आहे. तळवे बघायचं तो विसरत नसेल ना?

२० मार्च

काल तेंतेक गेली.

मला डोंगर चढता येत नाही. काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. सकाळी तिला शेवटचं हातावर घेतलं, टोपी काढली. तिने माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखंच, बाप मारल्यासारखं. शाइमुरात कापलेली मेंढी घेऊन निघाला, काम्का पक्षी घेऊन. रिवाज असा की लांबच्या डोंगरावर मेंढी ठेवायची, पक्षी खायला बसला की त्याच्या नजरेआडून निघून यायचं, नाहीतर तो माणसामागून परत येतो. हे माझं काम होतं. दहा वर्षं मी त्या दिवसाचा विचार केला होता, आणि माझ्या मनात कधीही मी अंगणात बसलेला नव्हतो. दिवसभर आकाशाकडे बघत बसलो. डोळे तसे धूसरच आहेत, दिसलं काही नाही.

ती दोघं संध्याकाळी परतली. वितळत्या बर्फातून आली होती. शाइमुरात दारातूनच घरी गेला. जाताना म्हणाला, "लंगड्या, चहा उद्या." म्हणजे सगळं ठीक झालं.

"उडाली?" मी काम्काला विचारलं.

"लगेच नाही. मी पायातल्या वाद्या कापल्या तरी मेंढीवर बसून आमच्याकडे बघत होती. आम्ही खडकाआड गेलो. मग पंखांचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही."

"आणि..."

"पाहिले. दोन्ही तळवे. स्वच्छ होते. चरबीही लावली."

मला रडू आवरलं नाही आणि मी आवरलंही नाही.

काम्का चुलीकडे जायला उठली तर तिची पावलं नीट पडत नव्हती. "बस," मी म्हणालो. जमिनीवर घसरत तिच्यासमोर गेलो, तिचे बूट ओढून काढले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिचे बूट कधी काढले नव्हते. मोजे ओले होते. माझ्यासाठी दुहेरी तळव्याचे करते आणि स्वतःसाठी पातळ, जुन्या नमद्याचे तुकडे जोडून. मला हे ठाऊक नव्हतं.

"अहो, काय करता! कुणी आलं तर?"

मी सदरा वर केला आणि तिचे पाय पोटावर घेतले. असा चटका बसला की मी शाइमुरातसमोर ओरडलो होतो त्याहून मोठ्याने ओरडलो. तिने पाय मागे ओढायला पाहिलं.

"गार आहेत का फार?"

"बर्फ आहेत," मी म्हणालो, आणि घोटे धरून ठेवले. ऊब यायला बराच वेळ लागला. आधी टाचा, मग बोटं, शेवटी करंगळ्या. एकेक कळत होतं मला.